टपकणारा घाम

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पणजीचा ३३-३४ वरच रेंगाळतो. तरीही नागपूरचा पाहुणा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अर्ध्या तासात चिंब होतो आणि म्हणतो, "आमच्याकडे एवढा घाम नाही येत हो!" येतो. तिकडे तो दिसायच्या आत उडून जातो, इतकंच.

घाम आला म्हणून अंग थंड होत नाही, तो त्वचेवरून उडाला तर होतं. एक लिटर घाम उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच हनुवटीवरून टपकला तर पाणी गेलं, मीठ गेलं आणि अंग तापलेलं ते तापलेलंच. गोव्याची हवा आधीच बाष्पाने भरलेली, तिच्यात आणखी किती मावणार? मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला मात्र या अडचणीशी देणंघेणं नाही. रक्त ३७ अंशांच्या वर सरकायला लागलं की त्वचेकडच्या रक्तवाहिन्या रुंद करायच्या आणि घाम सोडायचा, एवढंच तो जाणतो. उडत नाही? मग आणखी सोडा. पंखा तरी काय करतो, हवा थंड करत नाहीच. अंगालगतची दमट हवा हटवून तिथे जरा कमी दमट हवा आणतो.

घामातून मीठ किती जावं, हे मात्र शरीर शिकतं. दहा-चौदा दिवस रोज उकाडा सोसला की अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) प्रभावाने घामग्रंथी मीठ मागे ओढून घेतात. घाम लवकर येतो, जास्त येतो, पण कमी खारट. चार दिवसांच्या सहलीत हे जमायचं नाही.

आणि पाहुणा तर बाटल्यांवर बाटल्या नुसतं पाणी रिचवतो. रक्तात सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल हवं. घामाने मीठ नेलं, वर नुसत्या पाण्याचा मारा झाला, की ते पातळ होतं. मूत्रपिंडं तासाला साधारण लिटरभरच पाणी बाहेर टाकू शकतात. मग डोकं दुखतं, मळमळतं, बोलणं भरकटतं. लोक म्हणतात ऊन लागलं, आणि आणखी पाणी पाजतात.

अकराच्या सुमाराची पेज इथे उपयोगी पडते. तांदळाच्या पिठुळपणाचं आतड्यात ग्लुकोज होतं. लहान आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत शिरतात, मागोमाग पाणी. लिटरभर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज घालणारं ओआरएस याच जोडीवर चालतं. पेजेसोबतचं खारातलं तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेली कोवळी कैरी, मापात बसत नाही, पण दिशा तीच. रक्तदाबवाल्यांनी मात्र ते चाखण्यापुरतंच घ्यावं.

आडसराचं, म्हणजे शहाळ्याचं, कौतुक थोडं आवरतं घ्यायला हवं. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम बेताचं. घाम नेतो ते मुख्यतः सोडियम. चिमूटभर मीठ टाकलं तर बरं. विकणारा तोंड वाकडं करील, करू दे.