कोण ऐकायलंय तुम्हाला!

आमच्याकडं गावात सप्ताह बसला की कुणी कुणाला गाणं येतं का, असं विचारत नाही. पहाऱ्याच्या यादीत नाव लागतं, एवढंच. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली टेकवायची नसते. म्हणून रात्री दोनला डोळे चोळत उठायचं, गळ्यात वीणा अडकवायची आणि जोडीच्या टाळकऱ्यांबरोबर नाम घेत उभं राहायचं. मंडपात समोर कोण? सतरंजीवर घोरणारे दोन-चार म्हातारे आणि खांबाला पाठ घासणारं एखादं कुत्रं. सूर चढला काय, उतरला काय, कुणाचं काही बिघडत नाही. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तनात मागं उभं राहून ध्रुपद, म्हणजे अभंगाची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, ओढायचं. इतकं गायलेल्या माणसाला चारचौघांत गायची भीती वाटायचं खरं तर काही कारण नाही.

पण याच माणसाला परभणीत, कॉलनीच्या गणपतीपुढं, माईकसमोर बसवा. "आता आपल्यासमोर शास्त्रीय गायन सादर करतील..." एवढं कानावर पडलं की त्याच्या पायातलं बळ जातं. माझं गेलं.

चाळिशी उलटल्यावर मी पेटी आणि गाणं शिकायला लागलो होतो. क्लासमधली बाकीची मंडळी प्रवेशिका प्रथमच्या परीक्षेला बसणारी, शाळेच्या दप्तरासकट येणारी. त्यांना भीती कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. सरांनी भीमपलास रागातला एक अभंग बसवून घेतला आणि आमच्या घरच्या माणसानं मंडळाच्या अध्यक्षांना परस्पर सांगून टाकलं, "हे गातील की." विचारून सांगितलं असतं तर मी गायलोच नसतो, हेही तिला माहीत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासूनच तोंडाला कोरड. बाहेर भाद्रपदाचा उकाडा आणि माझी बोटं गार. शरीराचा यात दोष नाही. धोका दिसला की अ‍ॅड्रेनालिन सुटतं, काळीज धडधडायला लागतं, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडं धावतं, बोटं थंड पडतात, लाळ आटते. पळून जायला किंवा मारामारी करायला ही तयारी उत्तम. कोमल निषादाचा सूर नेमका लावायला मात्र ती काही कामाची नाही. वर श्वास आखूड होतो. श्वास पुरेना की गाणारा ओळ लवकर संपवायला बघतो, लय चढते, आणि तबलजी बिचारा दोन्ही हातांनी तिला मागं ओढत बसतो.

त्यात साउंडवाला. इको लावल्याशिवाय गाणं झालं असं आपल्याकडच्या साउंडवाल्याला वाटतच नाही. एरवी आपला आवाज आपण थोडा हवेतून आणि थोडा कवटीच्या हाडांतून ऐकत असतो, म्हणून तो भरदार वाटतो. स्पीकरमधून आला की पातळ, परका. आणि इको असला तर तो परका माणूस आपण थांबल्यावरही गात राहतो.

शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. देवळासमोर कीर्तन करू देईनात, म्हणून नामदेव महाराज मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं. म्हणून तिथं नंदी मागं राहिला, असं म्हणतात. भक्ताच्या नजरेनं ही मोठी गोड कथा आहे. पहिल्यांदा स्टेजवर चढणाऱ्याच्या नजरेनं बघितली तर घाम फुटतो. आडबाजूला जागा मिळाली, कुणी बघत नाही, आता मोकळ्या गळ्यानं गाऊ म्हणेपर्यंत अख्खं देऊळ तोंड वळवून समोर! नामदेव होते म्हणून गात राहिले.

मला वाटतं, घोळ या समोर असण्यातच आहे. सप्ताहात ऐकणारा असा वेगळा काढलेलाच नसतो. औशाच्या नाथ संस्थानाच्या चक्रीभजनात तर मंडळी फेर धरून नाचत गातात, तिथं पुढचा कोण आणि मागचा कोण? एकदा का खुर्च्या मांडल्या, की काही माणसं नुसती ऐकायलाच बसतात, आणि आपण उघडे पडतो. थोरामोठ्यांनाही हे सुटलेलं नाही. पाब्लो कझाल्स हा चेलोवादनातला जगन्मान्य माणूस, त्याची धडधड म्हातारपणापर्यंत गेली नाही.

हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी यावर प्रयोग केले, २०१४ साली ते प्रसिद्ध झाले. लोकांना अनोळखी माणसांपुढं कराओकेवर गायला लावलं. 'मला भीती वाटतेय' असं आधी म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला हुरूप आलाय' म्हणणारे जास्त अचूक गायले. धडधड तीच, फक्त तिचं नाव बदललेलं. मीही स्टेजमागं उभा राहून हुरूप आलाय, हुरूप आलाय असं पुटपुटत होतो. शेजारी हातोडीनं तबला लावत बसलेल्या पोरानं वर बघितलं.

"सर, कशाला भ्यायलाव? कोण ऐकायलंय तुम्हाला! समदे महाप्रसादाला आलेत."

माझी भीती अर्धी झाली आणि अपमान पूर्ण झाला. पण त्याचं खरं होतं. पहिल्या रांगेतली पोरं फुग्यावरून भांडत होती, बायका वाढप्यांकडं नजर लावून होत्या. मी श्वास सावकाश सोडला, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. असं केलं की काळजाचे ठोके जरा उतरतात. आणि ध्रुपदाची पहिली ओळ तेवढी स्कूटरवर, आंघोळीला, ऑफिसच्या जिन्यात इतकी घोटलेली होती की ती माझ्याशिवायही आली असती. पहिल्यांदा गाणाऱ्यानं बाकी काही केलं नाही तरी एवढं करावं. ताना राहू द्याव्यात.

ओळ आली. दुसऱ्यांदा आली. अभंग सगळ्यांना पाठ असलेला, त्यामुळं तिसऱ्या वेळी डाव्या हाताला बसलेल्या टोपीवाल्या आजोबांनी ती उचलली, त्यांच्या शेजाऱ्यानं टाळी धरली, आणि बघता बघता तीन-चार रांगा गायला लागल्या. फक्त त्यांची चाल वेगळी. ती वारकरी चाल, मोकळी, खड्या आवाजातली. भीमपलासाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. मी थोडा वेळ किल्ला लढवला. तबल्यावरच्या पोरानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आजोबांकडं, आणि सरळ त्यांचा ठेका धरला.

मग मीही पेटीचा भाता लावून टाकला आणि मंडळाच्या पोरांकडून टाळ मागवला. महाप्रसादाची पंगत त्यामुळं बरीच लांबली. "शास्त्रीय गायन आपण ऐकलंत," असं निवेदिकेनं शेवटी सांगितलं. तिच्या कागदावर तसंच लिहिलेलं होतं.