वास सीएनजीचा नव्हता

मे महिना, त्यामुळे विक्रोळीला एलबीएस मार्गालगतच्या आमच्या गॅरेजात एसीच्याच गाड्यांची रांग. त्यात एक टॅक्सीवाले काका आले. तक्रार कूलिंगची नव्हतीच. "एसी लावला की गॅसचा वास मारतो. सीएनजीवाल्याने टाकी, पाइप, किट सगळं तपासलं. लीक नाही म्हणतो."

व्हेंटला डिटेक्टर लावला. तो १३४ए, म्हणजे गाडीच्या एसीतला नेहमीचा गॅस, आणि तसले फ्लोरिनवाले गॅसच पकडतो. एकदम गप्प. नाकाला मात्र घरच्या सिलिंडरचा वास स्पष्ट, आणि पायाशी मॅटजवळ जास्तच. सीएनजी हवेपेक्षा हलका, वर जातो. हा खाली साचत होता. माझ्या पोटात गोळाच आला.

"एसीचा गॅस कुठे भरलात?"

"रस्त्यावर एकाने भरून दिला, निम्म्या पैशात. कूलिंग झकास आहे हो!"

असणारच. त्याने एलपीजी भरला होता, म्हणजे प्रोपेन-ब्युटेन, आणि तो थंड करायला उत्तमच. नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेनच असतो, पण तो सहसा शंभर ग्रॅमच्या आत. गाडीत शेकडो ग्रॅम, आणि इव्हॅपोरेटर, म्हणजे हवा गार करणारी जाळी, डॅशबोर्डच्या आत, माणसांच्या गुडघ्यांसमोर. तोच लीक झाला की ब्लोअर गॅस थेट केबिनमध्ये ढकलतो. हवेत दोनेक टक्के एलपीजी झाला की एक ठिणगी पुरे. नव्या काही गाड्यांच्या एसीतला १२३४वायएफ गॅसही थोडाफार पेटतो, पण त्या गाड्या त्या हिशेबानेच बनवलेल्या असतात.

किल्ली फिरवू दिली नाही. दारं सताड उघडली, गाडी ढकलत मोकळ्या जागेत नेली. टपरीवाल्याला स्टोव्ह बंद करायला लावला. ऐन गिऱ्हाइकीची वेळ, भरपूर कुरकुरला. एसीतला गॅस ओढून घेणारं आमचं रिकव्हरी मशीन पेटणाऱ्या गॅससाठी नाही, म्हणून ते लावलंच नाही. लांब होज जोडून गॅस हळूहळू बाहेर सोडला. १३४ए असता तर असा सोडला नसता. वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी.

इव्हॅपोरेटर काढला. एक कोपरा तेलाने ओला. नायट्रोजन भरून पाण्यात बुडवला, तर तिथूनच बारीक बुडबुड्यांची माळ. नवा बसवला, ओल शोषणारा ड्रायर बदलला, व्हॅक्यूम मारून आतली हवा काढली आणि बॉनेटखालच्या स्टिकरवरचं वजन बघून, काट्यावर मोजून १३४ए भरला.

"पण दरवर्षी गॅस भरावा लागतोच ना?"

"नाही काका. तो पेट्रोलसारखा जळत नाही, आतच फिरतो. वर्षभरातच कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे."

काकांनी तिथूनच त्या निम्म्या पैशांवाल्याला फोन लावला. पुढचं संभाषण इथे लिहिण्याजोगं नाही.