मला सोफा नकोय हो, पत्ते हवेत!

बिल्बाओहून बसने तासाभरात व्हितोरियाला पोचलो. सोबत बायको, जिला पत्त्यांत काडीचा इंटरेस्ट नाही, आणि मी, ज्याच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या पाच-तीन-दोन आणि मेंढीकोटात गेल्यात. हे गाव म्हणजे स्पेनच्या पत्त्यांचं माहेरघर, पत्ते छापणाऱ्या फोर्निएरचा कारखाना १८६८ मधे इथेच सुरू झाला, आणि जुन्या गावात बेंदान्या नावाच्या वाड्यात चक्क पत्त्यांचं म्युझियम आहे.

मला शोधायचा होता एक जुना खेळ, ‘ओंब्रे’. स्पॅनिशमधे ओंब्रे म्हणजे माणूस, पुरुष. नाव असं का, तर तीन गडी, नऊ-नऊ पानं, तेरा पानं मधे पालथी, आणि जो हुकूम बोलतो तो म्हणतो ‘मी ओंब्रे’, म्हणजे मीच तो मर्द, आता तुम्ही दोघं मिळून मला पाडा! सतराव्या शतकात हा खेळ स्पेनमधून अख्ख्या युरोपभर गेला. स्पेनमधे मात्र पुढे त्याचं नाव पडलं ‘त्रेसियो’, तिघांचा म्हणून.

इथेच माझी फजिती झाली. एका दुकानात शिरून मोडक्यातोडक्या स्पॅनिशमधे मी ‘त्रेसियो’ मागितला, तर दुकानदारीणबाई गोंधळून रस्त्याच्या पलीकडे फर्निचरकडे बोट दाखवायला लागल्या. कारण आता तिकडे त्रेसियो म्हणजे एक सोफा आणि दोन खुर्च्यांचा सेट. शेवटी मी हातानेच पानं पिसून दाखवली तेव्हा त्या ‘ओंब्रे!’ म्हणून हसल्या, पण तेही खेळाचं नाव नव्हतंच, आपण ‘अरे देवा’ म्हणतो ना तसं ते तिकडे उठताबसता म्हणतात.

शेवटी घेतला तो चाळीस पानांचा जोड. यात राणी नाहीच हो! राजा, घोडेस्वार आणि सोता म्हणजे आपला गुलाम, खाली सात ते एक्का. रंग चार, सोन्याची नाणी, पेले, तलवारी, सोटे. आणि एक भारी गोष्ट, पानाच्या चौकटीची रेघ वरखाली तुटलेली असते, नाण्यांना अजिबात नाही, पेल्यांना एका ठिकाणी, तलवारींना दोन, सोट्यांना तीन. म्हणजे हातातली पानं नुसती कडेकडेने सरकवली तरी रंग कळतो, बाजूचा डोकावला तरी त्याला घंटा काही दिसत नाही.

स्पॅनिशमधे पत्त्याला ‘नाइपे’ म्हणतात. बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो शब्द अरबी ‘नाइब’वरून आला, इजिप्तच्या मामलुकांच्या जोडात राजाखालचं पान म्हणजे राजाचा नायब. हो, आपला नायब तहसीलदारवाला नायब! तिकडच्या जोडात सोट्यांच्या जागी पोलोच्या काठ्या होत्या, युरोपात पोलो कोणाला माहीत, झाले त्यांचे सोटे.

ओंब्रेत डोकं खाणारा भाग म्हणजे पानांची किंमत. तलवारीचा एक्का कुठलाही हुकूम असो, सगळ्यांच्या वर. सोट्याचा एक्का तिसरा. दुसऱ्या नंबरचं पान म्हणजे हुकमाच्या रंगातलं एरवी सगळ्यात हलकं पान, ते रंगाप्रमाणे बदलतं, तलवार-सोट्यात दुरी, नाणी-पेल्यात सत्ती, कारण नाणी-पेल्यात आकडे उलटे चालतात, दुरी सत्तीपेक्षा मोठी! बायको म्हणाली, हा खेळ नाही, इन्कम टॅक्सचा फॉर्म आहे.

पण पोर्तुगालच्या कॅथरीनचं सांगितल्यावर तिने पहिल्यांदा नीट ऐकलं. १६६१ च्या लग्नाच्या करारात जिच्यासोबत मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली तीच ही. १६६२ मधे ती सासरी गेली आणि तिच्यामुळे तिकडे दरबारात ओंब्रेचं वेड लागलं असं सांगतात. म्हणजे मुंबई आणि ओंब्रे एकाच रुखवतात. पुढे तिकडे या खेळासाठी तिकोनी टेबलंसुद्धा बनायला लागली.

‘मग राणी डाव बोलली की तीसुद्धा ओंब्रेच?’ बायकोने विचारलं. हो म्हटलं. तशी तिने माझ्या हातातला जोड घेतला आणि तिथेच बाकावर पिसायला लागली. आता तिसरा गडी हवाय. दिवाळीत धाकटा भाऊ येतोय, त्याला अजून सांगितलेलं नाही.