आपल्या खाडीतला पक्षी आणि इथली गर्दी

इथे अमेरिकेत, न्यू जर्सीला हायस्लरव्हिलमध्ये कर्ल्यू सँडपायपर हा चिखलात चरणारा छोटा पक्षी दिसलाय असा सकाळी मेसेज आला आणि आम्ही गाडी काढली. मे महिन्यात इथे किनारी पक्षी खूप येतात, पण हा दुर्मिळ, त्यामुळे बंधाऱ्यावर ट्रायपॉडची रांगच लागली होती. एका आजोबांनी मी न मागता स्वतःचा स्कोप (पक्षी बघायची ट्रायपॉडवरची दुर्बीण) माझ्या उंचीला खाली करून दिला. डनलिन ह्या त्याच्यासारख्याच पक्ष्यांच्या घोळक्यात हा एकटाच विटकरी लाल, खाली वाकलेली लांब चोच, शिलाई मशीनच्या सुईसारखी चिखलात खालीवर चाललेली. शेजारच्या बाईंच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो हा आमच्या मुंबईचा! शिवडीला, ठाणे खाडीत हिवाळाभर थव्याने असतो, तेव्हा करडा दिसतो आणि एप्रिलमध्ये सैबेरियाकडे निघायच्या आधी लाल व्हायला लागतो. बाबांना मुलुंडला फोटो पाठवला तर म्हणाले, "अगं ह्याच्यासाठी एवढं पेट्रोल जाळलंस? ऐरोलीला ढिगाने दाखवतो." म्हटलं बाबा, जगभरात कमी झालेत हो, २०२४ मध्ये आययूसीएन ह्या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने ह्याला धोक्यातल्या यादीत टाकलंय.

पण मला खरं सांगायचंय ते बीचचं. इथे डेलावेअर बे ह्या उपसागराचे बरेच बीच ७ मे ते ७ जून माणसांना बंद असतात, मेमोरियल डेच्या सुट्टीचा लाँग वीकेंड मध्ये येतो तरीही! कारण काय तर हॉर्सशू क्रॅब (घोड्याच्या नालेसारखं कवच असलेला समुद्री जीव) किनाऱ्यावर अंडी घालतात आणि दक्षिण अमेरिकेतून उडत आलेले रेड नॉट पक्षी ती खाऊन पुढे आर्क्टिकला जातात. एक दोरी, एक पाटी आणि खुर्ची टाकून बसलेल्या एक व्हॉलंटियर काकू, बस. एक कुटुंब कुत्रा घेऊन आलं, काकूंनी दोन मिनिटं समजावलं, पोरांना दुर्बिणीतून पक्षी दाखवले आणि ते लोक परत फिरले, हुज्जत नाही, "एकच फोटो काढतो" नाही, कुणाची ओळख सांगणं नाही. मी बघतच राहिले.

आता लगेच "बघा अमेरिका" म्हणू नका. ह्याच लोकांनी हे क्रॅब मासेमारीच्या आमिषासाठी बेसुमार उचलले होते, पक्षी घटल्यावर २००८ साली न्यू जर्सीने ते पकडायला बंदी घातली. आणि मुंबईत जागा आहेच किती? तरी ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य केलं, २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. अटल सेतू शिवडीच्या चिखलावरून गेला ह्याचं वाईट मलाही वाटतं, पण माझा भाऊ उलव्याला राहतो, त्याचे प्रवासाचे हाल मी पाहिलेत, त्यामुळे पूल नको होता असं मी म्हणणार नाही. पण शिवडी जेट्टीवर सीझनभर अशी खुर्ची टाकून बसणारं कुणी असावं, ह्याला जागा लागत नाही की पैसे.

पुढच्या मार्चमध्ये येतेय. बाबांना सांगितलंय, भरतीच्या वेळा काढून ठेवा, पाणी चढायला लागलं की पक्षी जेट्टीकडे सरकतात, आणि सोसायटीतली पोरं गोळा करा, स्कोप मी घेऊन येते.