आशाताईंच्या गृहभेटी आणि वरिष्ठांची विचारणा

माझ्या मोठ्या जाऊबाई आमच्या गावच्या आशा स्वयंसेविका आहेत. नवजात बाळांना घरी जाऊन तपासण्याचे जे काम त्या करतात, त्याची पायवाट आपल्या विदर्भातच पडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या 39 गावांत गावच्याच बायकांना शिकवून नवजात बालमृत्यू मोठ्या प्रमाणात कमी करून दाखवले आणि 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास प्रसिद्ध केला. 2011 मध्ये देशभरातल्या आशांकडे हे काम आले. दवाखान्यात बाळंतपण झाले, तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी द्यायच्या आणि त्या सर्वांचा मिळून मोबदला 250 रुपये.

एक भेट म्हणजे काय, हे मी त्यांच्यासोबत जाऊन पाहिले आहे. हात धुऊन त्या बाळाला झोळीच्या काट्यात अलगद ठेवतात, काखेत थर्मामीटर लावतात आणि पोटाच्या हालचालीकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. मध्येच आजी दुपट्यात हात घालू देत नाही, मग तिची समजूत काढावी लागते. एवढ्यात मोबाइलवरच्या आशांच्या गटावर ‘अहवाल अजून का आला नाही’ असा वरिष्ठांचा संदेश येऊन पडतो. बाळ कसे आहे, हे मात्र त्या गटावर सहसा कोणी विचारत नाही.

माझा खरा आक्षेप मोबदल्याच्या अटीवर आहे. बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघेही सुखरूप असले पाहिजेत, असे 2011 च्या मार्गदर्शक सूचनांत मोबदल्यासाठी घातलेल्या अटींत म्हटले होते. जाऊबाईंच्या वस्तीतले एक कमी वजनाचे बाळ तिसऱ्या आठवड्यात दगावले. त्यांनी त्याला मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितले होते, परंतु कापूस वेचणीचे दिवस होते आणि घरचे थांबले. पुढच्या मासिक बैठकीत चाळीस बायकांसमोर त्यांना उभे करून वरिष्ठांनी जाब विचारला. “पैशाचं जाऊ दे गं, पण लेकरू माझ्यामुळंच गेलं असं सगळ्यांसमोर बोलले ना ते,” एवढेच त्या म्हणाल्या. कितीतरी दिवस त्यांचे जेवणात लक्ष नव्हते आणि पुढच्या बाळंतिणीच्या घरी जाताना त्यांचा पाय अडखळत असे.

त्यांना सावरले ते आशांच्या कामाची देखरेख करणाऱ्या नव्या गटप्रवर्तक ताईंनी. या ताईंच्या माथ्यावरही कितीतरी गावे आहेत, तरीही त्या जाऊबाईंना घेऊन त्या दुःखी घरी गेल्या, आईजवळ बसल्या आणि भेटींची नोंदवही स्वतः वाचून ‘तुम्ही वेळेवर सांगितले होते’ असे घरच्यांसमोर म्हणाल्या. अशी सोबत प्रत्येक मृत्यूनंतर नियमाने मिळाली पाहिजे, चौकशी बंद खोलीत व्हावी आणि झालेल्या प्रत्येक भेटीचे पैसे बाळ जगो वा न जगो आशाताईंच्या खात्यात जमा व्हावेत, ही मागणी मी आमच्या ग्रामसभेत मांडणार आहे.