वैलावरच्या वाशाचा रंग

माती-दगडांतून जलरंग करणाऱ्यांकडे लोक काय वाट्टेल ते घेऊन येतात, पण आख्खा वासा आलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

राजापूरकडच्या एका काकांनी गावचं घर उतरवलं होतं. त्यांच्या मुलीला त्या घराचं चित्र त्याच घराच्या रंगांत काढायचं होतं. गोणीत फुटकी मंगलोरी कौलं, आवारातली पिवळी माती, खिडकीच्या रंगाच्या खपल्या, एक हिरवट पडलेला तांब्याचा हंडा. वासा कशाला, असं मी विचारायच्या आधीच सोबत आलेल्या आजी म्हणाल्या, "वैलावरचा आहे हो तो." वैल म्हणजे चुलीला जोडलेली छोटी चूल.

कौलं सोपी. भट्टीत एकदा भाजलेली माती, त्यातलं लोह लाल होऊन बसलेलं. हा रंग उन्हाने विटत नाही. कुटायचं, पाण्यात ढवळायचं, रेव तळाला बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. त्यातून खाली बसणारा गाळ इतका मऊ, की बोटांत चोळला तरी कण लागत नाही. पिवळी माती मी लोखंडी तव्यावर चांगली तापवली. तिच्यातलं पाणी उडालं की तीही तांबडी होते, फक्त कौलापेक्षा गडद.

हंडा परत दिला. तांब्यावरचा हिरवा कळंक दिसतो सुरेख, पण विषारी, आणि कागदही खातो. खपल्याही नाकारल्या, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. "मग हिरवं काहीच नाही?" काका हिरमुसले. माझ्याकडे हिरवी माती होती, आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत मिळते ती. अजिंठ्याच्या चित्रांतही हिरवी मातीच आहे. पण ती घरातली नाही म्हणून मुलीने ठाम नकार दिला. माडसुद्धा तांबडे काढीन म्हणाली. मला आवडलं ते.

वाशावर डांबरासारखा चकचकीत थर होता. दिव्याची काजळी हलकी, अस्सल काळी, पाण्यावर तरंगणारी. लाकडाच्या धुराचा थर निराळा. खरवडून उकळला तर पाणी तपकिरी झालं. युरोपातले चित्रकार रेखाटनांना हाच रंग वापरत, बिस्टर म्हणून. गाळून आटवला, बाभळीचा डिंक आणि थोडा मध घालून शिंपल्यांत भरला.

न्यायला आले तेव्हा काका काळ्या रंगाच्या तयारीत होते. ब्रश ओढला आणि कागदावर पारदर्शक, सोनेरी तपकिरी उमटलं. आजींनी शिंपला नाकाशी धरला.

"धूर आहे अजून यात."

"लवंगेचं तेल घालतील त्या, जाईल वास," काका म्हणाले.

"कशाला घालवायचा?"

तेल मी बुरशी लागू नये म्हणून घालते. आजींसाठी एक शिंपला बिनतेलाचा ठेवला आणि पावसाळ्याआधी संपवा म्हणून बजावलं.