ठप्प्यांच्या तिकिटांची छाननी

युद्धात सैन्य शहरात शिरलं की नवी टपाल तिकिटं छापायला सवड नसते. मग हाती लागलेल्या जुन्या साठ्यावरच नवा ठप्पा. मलायात १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रिटिश अमलातल्या तिकिटांवर ‘दाई निप्पॉन २६०२’ (दाई निप्पॉन म्हणजे महान जपान) उमटवलं. २६०२ म्हणजे जपानी शाही गणनेतलं १९४२. त्याआधी, १९१८ मध्ये ब्रिटिशांनी तुर्की तिकिटांवर ‘इराक इन ब्रिटिश ऑक्युपेशन’ छापलं, किंमत मात्र आणे-रुपयांत. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या मोहिमेत हिंदी फौज मोठ्या संख्येनं होती, त्यामुळे बगदादेतही आपलाच आणा! त्या एका तिकिटासाठी मी या नादाला लागलो.

मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून अशा तिकिटांचं मिसळ पाकीट मागवलं. भुसावळात शेजारचे आप्पा म्हणाले, “हे कायले जमवतो रे भो?” उत्तर देत बसलो नाही.

छाननी थंडीतच केली. इथल्या मे महिन्यात घामेजल्या बोटांनी कोऱ्या तिकिटांना हात लावला तर मागचा डिंक चिकटून बसतो. वापरलेली, कागदाला चिकटलेली तिकिटंही कागद सुटावा म्हणून सरसकट पाण्यात टाकली नाहीत, कारण हाताने मारलेल्या ठप्प्याची शाई कधीकधी पाण्यात उतरते. शंका आली ती कागदासकट ठेवली.

खरं काम भिंगाखाली. ठप्पा आधी पडतो, टपाल शिक्का नंतर. म्हणून शिक्क्याची शाई ठप्प्याच्या वर दिसली पाहिजे. उलट दिसलं, की कुणीतरी वापरलेल्या साध्या तिकिटावर मागाहून ठप्पा मारलाय. पाकिटातली काही मलायाची तिकिटं इथेच बाद झाली. उरलेल्यांच्या ठप्प्यातली अक्षरांची वळणं कॅटलॉगमधल्या चित्राशी ताडून पाहिली. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

ब्रह्मदेशाच्या तिकिटांना मात्र मी घाबरतो. १९४२ मध्ये जपान्यांच्या बाजूने लढणाऱ्या बर्मा इंडिपेन्डन्स आर्मीने सहाव्या जॉर्जच्या तिकिटांवर मोर छापला. तो इतका मागणीचा, की नकली मोरांचा बाजारात सुळसुळाट आहे. एक चांगलं दिसणारं मिळत होतं, पण तज्ज्ञाचं प्रमाणपत्र नव्हतं, आणि ते काढायला तिकिटाच्या किमतीहून जास्त खर्च. नाही घेतलं. त्या पैशांत ‘बी.एम.ए. मलाया’ (बी.एम.ए. म्हणजे ब्रिटिश लष्करी प्रशासन) छापलेली १९४५ ची स्वस्त तिकिटं आली. ती मुबलक आहेत, त्यामुळे नकलेची भीती कमी. नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी, असं माझं मत.